काजळी, धोतर आणि नवे मूत्रपिंड



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावणे धाडले तेव्हा बोनस, महागाईभत्ता किंवा साखर कामगारांच्या लढ्याचा इतिहास असा काहीतरी विषय आमच्याकडून येईल, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही कळवले की, दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवून घेतलेल्या माणसाच्या कातडीला जो कर्करोग होतो, त्याविषयी बोलावयाचे आहे. चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत व वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु हा विषय आपल्या पायांनी आमच्या कचेरीत चालत आला, आणि त्याच्या मागे मागे जाऊ लागलो तेव्हा दिसले की, त्याचा अर्धाअधिक इतिहास कामगारांच्याच अंगावर लिहिलेला आहे.

तो कसा आला ते आधी सांगतो. साताऱ्याकडच्या माण तालुक्यातला एक गडी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात, उसाच्या यार्डात कामाला होता. पस्तिशीच्या सुमारास त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आईने आपले एक दिले. पुण्यास शस्त्रक्रिया झाली, आणि काही महिन्यांनी गडी पुन्हा हजेरीला उभा राहिला. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. पुढे नऊ-दहा हंगाम तो रोजच्या गोळ्या घेत राहिला आणि उघड्या यार्डात, भर उन्हात, उसाच्या गाड्या लावून घेत राहिला. मग त्याच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेवर चामखिळीसारखे काहीतरी आले. ते वाढे, खपली धरी, खपली निघाली की रक्त येई. त्याच्याकडे घरच्या कोणाचे लक्ष गेले नाही. लक्ष गेले ते गावच्या न्हाव्याचे. "ही चामखीळ न्हवं गड्या, दावून घे," असे त्याने लागोपाठ तीन खेपांना बजावले, तेव्हा कुठे हा मिरजेस गेला. तुकडा काढून तपासला तो कर्करोग निघाला. वेळीच कापल्यामुळे कानाची थोडी कड गेली, माणूस राहिला. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की, यापुढे उन्हातले काम नको. ती चिठ्ठी घेऊन तो आमच्याकडे आला.

आता साखर कारखान्यात सावलीतल्या जागा असून असणार किती? वजनकाट्याची केबिन एक, आणि तिच्यावर सेवाज्येष्ठतेने दुसऱ्याचा हक्क. व्यवस्थापनाने सांगितले की, कामावर घेताना माणूस तंदुरुस्त म्हणून घेतलेला आहे. आमचेच सभासद म्हणाले, "ऊन आम्हाला काय गोड लागतंय?" खरे सांगावयाचे तर पहिले काही दिवस आमचेही मन सभासदांकडेच होते. ज्येष्ठतेची यादी आम्ही भांडून मिळवलेली. तिला एकदा भोक पाडले की त्यातून वशिल्याची माणसे आत शिरतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे. निदान चिठ्ठीत लिहिले आहे ते कितपत खरे, एवढे पाहावे म्हणून आम्ही वाचावयास बसलो.

वाचता वाचता पहिला थांबा लागला तो लंडनचा. १७७५ साली तिथल्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी लिहिले की, धुराडी झाडणाऱ्या लोकांच्या वृषणकोशावर जो चिवट व्रण उठतो तो गुप्तरोग नसून काजळीचा परिणाम आहे. लहान लहान पोरे उघड्या अंगाने अरुंद धुराड्यांत चढवीत. काजळी कातडीच्या घड्यांत बसे, अंघोळ क्वचित घडे, आणि पोर मोठे झाल्यावर तिथे व्रण फुटे. तोवर वैद्य त्यास पाऱ्याची औषधे देत आणि लोक त्याच्या चारित्र्यावर बोलत. धंद्याने कर्करोग होतो हे जगाला स्वच्छपणे सांगणारा हा पहिला मोठा लेख. १७८८ साली ब्रिटिश पार्लमेंटने आठ वर्षांखालची पोरे या कामावर ठेवू नयेत असा कायदा केला, पण तो पाळतो कोण हे पाहावयास कोणी नेमला नाही. पोरे चढवणे खऱ्या अर्थाने बंद झाले ते १८७५ च्या कायद्यानंतर. हिशेब केला तर पॉटच्या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

ह्या कथेत आम्हांस सर्वांत मोलाची वाटली ती १८९२ सालची एक गोष्ट. हेन्री बटलिन नावाच्या इंग्रज शस्त्रवैद्याने विचारले की, धुराडी तर सगळ्या युरोपात आहेत, मग हा रोग इंग्लंडातच एवढा का? त्याने चौकशी केली. खंडातल्या कित्येक देशांत हे कामगार अंगाला घट्ट बसणारा, मानेपासून पायांपर्यंतचा पोशाख घालत आणि रोज अंग धूत. त्यांच्यात हा रोग क्वचितच आढळे. काजळी तीच, काम तेच. औषधाचा एक थेंबही न लागता रोग टळत होता.

पुढे १९१५ साली जपानात यामागिवा व इचिकावा ह्यांनी सशांच्या कानांवर महिनोन्महिने डांबर चोळून कर्करोग उत्पन्न करून दाखवला, तेव्हा प्रयोगशाळेचीही साक्ष पडली. पण लँकेशायरच्या सूतगिरण्यांत माणसांवर तो प्रयोग आधीच चालू होता. तिथे म्यूल नावाचे कताईयंत्र असे. त्याचा गाडा पुढेमागे धावे, तुटलेला धागा जोडण्यासाठी कामगार त्यावर ओणवा होई, आणि चात्यांचे खनिज तेल उडून त्याची विजार जांघेपाशी भिजून जाई. १९२२ साली मँचेस्टरच्या दोघा डॉक्टरांनी तिथल्या मोठ्या रुग्णालयाची वीस वर्षांची दप्तरे चाळली. वृषणकोशाच्या कर्करोगाचे १४१ रोगी निघाले, त्यांतले ६९ म्यूलवर कातणारे. १९२६ साली सरकारी समितीने अहवाल दिला. निरुपद्रवी तेल वापरा आणि कामगारांची ठराविक मुदतीने तपासणी करा, असा सक्तीचा नियम झाला तो १९५३ साली. समिती आणि नियम ह्यांच्या मध्ये सत्तावीस वर्षे गेली आणि तोवर म्यूलच मोडीत निघत चालले होते. आमच्याकडे नागपूरच्या एम्प्रेस मिलपासून रिंग चात्या लवकर रुळल्या, आणि रिंगवरच्या माणसाला तसे ओणवे व्हावे लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांत साताऱ्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली. त्यांच्या छातीत कापसाची धूळ गेली, ती हकीगत निराळी आहे.

आपल्या देशात १९४८ चा कारखाने कायदा झाला तेव्हा त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, मालकाने सरकारला कळवलेच पाहिजेत अशा रोगांच्या यादीत, कातडीचा कर्करोगही घातला गेला. धुराड्यातली ती पोरे आणि म्यूलवरचे ते कामगार अशा रीतीने आपल्या कायद्यातही आले.

पण कातडीच्या कर्करोगाचा आपला स्वतःचा, घरचा म्हणावा असा अध्याय आहे, आणि तो एका मराठी माणसाने लिहिला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. हेच पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांनी व त्यांच्या सहकारी सूर्याबाई ह्यांनी १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता लोकांच्या चालीरीतींतून उद्भवणारे कर्करोग, आणि त्यांत एक होता धोतराचा. वर्षानुवर्षे कंबरेला एकाच जागी घट्ट आवळलेले धोतर, त्यात घाम, धूळ आणि घर्षण. आधी त्या पट्ट्यातला रंग उडतो, कातडी जाड होते, भेगा पडतात, आणि कित्येक वर्षांनी एखादी भेग भरून येईनाशी होते. आमच्या आजोबांच्या कंबरेला असा पांढुरका पट्टा होता. आम्ही तो लहानपणी पाहिला आहे. म्हातारपणाची खूण असावी असे समजत होतो.

काश्मिरात थंडीत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात, त्यांच्या पोटावरच्या व मांडीवरच्या कर्करोगाचे वर्णन एल्म्स्ली नावाच्या डॉक्टराने १८६६ सालीच केले होते. आणि हे सगळे जुने म्हणून सोडून द्यावे तर २०२४ साली वर्ध्याच्या व बिहारातील मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीगत छापली. दोघींनाही साडी-लुगड्याच्या कंबरेवरच्या आवळणीपाशी असाच कर्करोग झालेला होता. सभेतल्या माताभगिनींनी परकराची नाडी थोडी सैल बांधावी, रुंद पट्टी वापरावी, आणि कंबरेवरची न भरणारी जखम लाजून झाकून ठेवू नये, एवढे जाता जाता सांगतो.

इथवरच्या सगळ्या गोष्टींत वैरी बाहेरून आला. काजळी, तेल, कापडाची आवळण, निखारा. आणि शरीराचा पहारा जागा होता. बिघडलेली पेशी दिसली की तिला ओळखून मारणारे शिपाई आपल्या रक्तात फिरत असतात. म्हणूनच व्रण फुटावयास वीस-वीस, तीस-तीस वर्षे लागत. आमच्या यार्डातल्या गड्याला दहाच हंगाम पुरले, कारण त्याचा पहारा मुद्दाम झोपवलेला होता. तो का, हे कळण्यासाठी मूत्रपिंड बसवण्याचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

२३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे जोसेफ मरे ह्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसवले आणि ते चालले. भाऊ हुबेहूब जुळे, म्हणून शरीराने ते परके मानले नाही. परक्याचा अवयव शरीर चोर समजून हाकलून लावते. तेव्हा पहाऱ्याला गुंगी देणारे औषध हवे होते. ते गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज ह्यांच्या प्रयोगशाळेतून अ‍ॅझाथायोप्रिन ह्या नावाने आले, आणि १९६२ पासून अनोळखी माणसाचे मूत्रपिंडही टिकू लागले. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली पहिला प्रयत्न झाला. तिथेच डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय बसवून पाहिले. रोगी वाचला नाही, पण साऱ्या जगात असे धाडस तोवर मोजक्याच ठिकाणी झाले होते. जिवंत नातेवाइकाच्या मूत्रपिंडाला आपल्या देशात यश आले ते १९७१ साली वेल्लोर येथे. मग त्यात बाजारही शिरला. गरिबाचे मूत्रपिंड विकत घेण्यास बंदी करणारा कायदा १९९४ साली झाला आणि महाराष्ट्रात तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला.

गुंगीची किंमत लवकरच कळून आली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत इझ्रायल पेन ह्यांनी अवयव बसवलेल्या लोकांत उद्भवणाऱ्या कर्करोगांची नोंद ठेवावयास आरंभ केला. १९७१ साली सिडनीच्या डॉक्टरांनी लिहिले की, मूत्रपिंड बसवलेल्या त्यांच्या रोग्यांत कातडीचा कर्करोग फार होतो आहे. ऑस्ट्रेलियाचे ऊन कडक आणि तिथल्या गोऱ्या लोकांची कातडी पातळ रंगाची, हे ध्यानात घ्या. परंतु नॉर्वेत तर ऊन बेताचे. तिथे १९९९ साली छापलेल्या पाहणीत, कातडीच्या वरच्या थरातील पेशींचा जो आडदांड कर्करोग असतो, त्याचे प्रमाण अवयव बसवलेल्या लोकांत इतरांच्या सुमारे ६५ पट आढळले.

कारणे एकाहून अधिक आहेत. ऊन रोजच कातडीतल्या काही पेशी बिघडवते. आपल्या शरीरात त्यांचा निकाल लागतो, ह्यांच्या शरीरात त्या तगून राहतात. चामखिळीच्या विषाणूंनाही मोकळे रान मिळते. शिवाय अ‍ॅझाथायोप्रिन स्वतःच उन्हाशी संगनमत करते. २००५ साली असे दाखवून दिले गेले की, त्याचा अंश पेशींच्या बीजद्रव्यात शिरून बसतो, आणि उन्हातले जे किरण एरवी त्या द्रव्याचे फारसे बिघडवत नाहीत, तेही मग त्याला इजा करतात.

औषधे पुढे बदलली, आणि येथे शेतकरी श्रोत्यांना रुचेल अशी एक गोष्ट आहे. दोन मोठी औषधे मातीतून निघाली. सायक्लोस्पोरिन देणारी बुरशी नॉर्वेच्या एका पठारावरच्या मातीत सापडली. सिरोलिमस हे ईस्टर बेटावरून १९६४ साली आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. ते वेगळे काढणारे सुरेन सेहगल आपल्याकडचेच, बनारसला शिकलेले. कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी जिवाणूची बाटली घरच्या शीतपेटीत जपून ठेवली म्हणून ते औषध जगले. हे सिरोलिमस पहारा झोपवते खरे, पण कर्करोगाच्या वाढीलाही लगाम घालते. मूत्रपिंड बसवलेले आणि कातडीचा कर्करोग एकदा होऊन गेलेले लोक निवडून युरोपात प्रयोग केला गेला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. जुन्या औषधावर राहिलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना दोन वर्षांत तोच कर्करोग पुन्हा झाला, सिरोलिमसवर आलेल्यांत २२ टक्क्यांना. मात्र नव्या औषधाचे त्रासही पुष्कळ झाले आणि काहींना ते सोडावे लागले. म्हणून कोणते औषध कमी, कोणते बदलावयाचे, हे मूत्रपिंडाच्या डॉक्टरनेच ठरवावे. भीतीपोटी गोळ्या बंद करणारा माणूस कान वाचवतो आणि आईने दिलेले मूत्रपिंड गमावतो.

जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचाही एक बोलबाला होता. ब गटातल्या निकोटिनामाइडने इतर लोकांत थोडा उपयोग दाखवला, पण अवयव बसवलेल्यांवर ऑस्ट्रेलियात प्रयोग झाला तेव्हा, २०२३ साली, फायदा दिसला नाही. उलट साध्या मलमाचा पुरावा चांगला आहे. बर्लिनमध्ये ६० रोग्यांना ऊन अडवणारे मलम रोज लावावयास दिले आणि ६० जणांना नेहमीप्रमाणे राहू दिले. हा निष्कर्ष २००९ साली छापला गेला. दोन वर्षांत दुसऱ्या गटात तो आडदांड कर्करोग नव्याने आठ ठिकाणी उठला, मलमवाल्यांत एकही नाही. आम्हांस बटलिनच्या त्या घट्ट पोशाखाची आठवण झाली.

कोणी म्हणेल, हे सगळे गोऱ्यांचे आकडे, आमची कातडी काळी-सावळी. शंका रास्त आहे. आपल्या कातडीतला रंग ही निसर्गाची छत्री आहे, आणि भारतातल्या मूत्रपिंड बसवलेल्या लोकांत कातडीचा कर्करोग विरळाच आढळतो. त्यांना अधिक छळतात ते गजकर्णासारखे बुरशीचे रोग आणि चामखिळी. पण विरळा म्हणजे शून्य नव्हे. फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी गोरेतर रोग्यांची पाहणी २०१६ साली छापली. त्यांत आशियाई लोकांचे कर्करोग बहुतेक उघड्या अंगावर होते, तर काळ्या लोकांचे उन्हाने कधी न पाहिलेल्या जागी, जांघेत, गुह्यांगावर, चामखिळीच्या विषाणूशी जोडलेले. म्हणजे आपल्या माणसाला दोन्हीकडे पाहणे आले. खानोलकरांचे धोतर येथे पुन्हा उपयोगी पडते: झाकलेल्या जागी पाहावयास त्यांनी सांगून ठेवलेच होते.

पाहावयाचे म्हणजे काय? महिन्यातून एकदा, चांगल्या उजेडात, आरसा घेऊन सगळे अंग पाहावे. कान, ओठ, मानेचा मागचा भाग, डोक्याचे टक्कल, हाताची पाठ, तळपाय, नखांखाली, कंबर, जांघ. पाठ बायकोने किंवा भावाने पाहावी. जी गाठ वाढते, जी खपली पुन्हा पुन्हा धरते, जी जखम महिनाभरात भरत नाही, ती दाखवावी. वर्षातून एकदा कातडीच्या डॉक्टरांकडे जावे, आणि एकदा कर्करोग होऊन गेला असेल तर ते सांगतील तितक्या वेळा. चामखीळ दोऱ्याने आवळू नये, चुन्याने जाळू नये. तंबाखू आणि मिश्री सोडावी; ओठाचा आणि तोंडाचा कर्करोग आपल्या भागात एरवीच कमी नाही. उन्हाबाबत आमच्या आजोबांचा पोशाख शहाणा होता. फेटा, त्याचा शेमला मानेवर, आणि मनगटापर्यंत पैरण. हल्लीची पुढे झाप असलेली टोपी कपाळ झाकते आणि कान उघडे टाकते. आमच्या गड्याची टोपी तशीच होती. दहा-अकरापासून तीन-चारपर्यंत सावली धरावी. ऊन अगदीच तोडले तर हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व कमी पडते, तेही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

हे सारे आम्ही कागदावर उतरवून सभासदांच्या सभेत वाचले. आकड्यांनी कोणी फारसे हलले नाही. म्यूलवरच्या कामगारांची हकीगत सांगितली तेव्हा मात्र सभा शांत झाली. ज्याच्या ज्येष्ठतेची जागा जाणार होती, तो वजनकाट्याचा हक्कदार उठून म्हणाला की, जागा देतो, पण माझी ज्येष्ठता गोठवू नका आणि ही सवलत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून कोणालाही देऊ नका. त्याच्या दोन्ही अटी आम्ही ठरावात घातल्या. ठराव थोड्या मतांनी पास झाला. व्यवस्थापनाने चार महिने घेतले आणि अखेर करारात एक कलम आले: अवयव बसवलेल्या कामगारास सावलीतले काम, पूर्ण बाह्यांचा गणवेश, कान झाकणारी टोपी, आणि कातडीच्या तपासणीसाठी वर्षातून दोन दिवस पगारी रजा. मलमाचा खर्च त्यांनी नाकारला. तो युनियनच्या कल्याणनिधीतून जातो.

गडी आता काट्यावर बसतो. न्हाव्याकडे दर पंधरवड्याला जातो, आणि न्हावी केस कापण्याआधी दोन्ही कान उलटून पाहतो.

त्या करारात एक खोट राहिली आहे. ऊसतोडणीची माणसे त्यात नाहीत. दिवसभर उन्हात तीच असतात, पण त्यांची नावे कारखान्याच्या हजेरीपटावर नसून मुकादमाच्या वहीत असतात. त्यांच्यापैकी कोणाला मूत्रपिंड मिळाल्याचे अजून आमच्या ऐकिवात नाही. मागच्या हंगामात मूत्रपिंडे निकामी झालेली दोन माणसे मात्र आमच्याकडे आली होती, आणि त्यांतल्या एकाचा भाऊ आपले मूत्रपिंड द्यावयास तयार आहे.